लिव्हर होइस्टच्या दांड्यावर पाइप चढवणे चालते का?

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या अनेक शेडमध्ये आजही सांगितले जाते, की लिव्हर होइस्ट (दांडा मागेपुढे करून साखळीने भार उचलण्याचे किंवा ओढण्याचे हाती साधन) जड जाऊ लागला तर दांड्यावर पाइप चढवावा. होइस्ट चौपट वजनाला बनवलेला असतो, त्याला काही होत नाही. ही समजूत चुकीची आणि जिवावर बेतणारी आहे.

दांड्याची लांबी विचारपूर्वक ठरवलेली असते. दीड टनी होइस्टवर पूर्ण भार असतानाही साधारणतः 40 किलोपेक्षा कमी जोर पुरतो, म्हणजे एका माणसाचा हात. तो पुरत नसेल, तर भार जास्त आहे किंवा माल कुठेतरी अडकला आहे, एवढाच त्याचा अर्थ. 40 सेंटीमीटरचा दांडा पाइपने 120 सेंटीमीटरचा झाला, की त्याच जोराने साखळीवर जवळपास तिप्पट ताण येतो, आणि हाताला तो जाणवतही नाही.

चौपटीचा हिशेब झटके आणि झीज सोसण्यासाठी राखलेला असतो. तो उचलण्याची जादा क्षमता नव्हे. शिवाय अतिभाराने प्रथम बहुधा हुक उघडतो: त्याचे तोंड फाकते आणि लॅच (तोंड बंद ठेवणारी पट्टी) टोकाला टेकत नाही. असा हुक तापवून, ठोकून सरळ करू नये. होइस्ट लगेच बाजूला काढावा.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 29 अशा साधनांवर नमूद भारापेक्षा अधिक भार टाकण्यास मनाई करत होते, आणि सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा तपासणी बंधनकारक ठरवत होते.