सशस्त्र हस्तक्षेप (शेजारी राष्ट्रातील)

एका राष्ट्राने लगतच्या दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवर, सामान्यतः त्याच्या संमतीवाचून, लष्करी बळाने केलेली कारवाई. अशी कारवाई न्याय्य ठरते का आणि ठरत असल्यास कोणत्या कारणाने, हा आंतरराष्ट्रीय कायदा व राज्यशास्त्र यांतील जुना वाद आहे. हस्तक्षेप आणि युद्ध यांत पूर्वी भेद केला जाई. युद्धाने दोन राष्ट्रांतील शांततेचे संबंध संपुष्टात येत, हस्तक्षेपात ते निदान कागदोपत्री टिकत. १९४५ नंतर रीतसर युद्ध पुकारण्याची प्रथाच जवळजवळ लोपल्याने हा भेद आता बराचसा शाब्दिक उरला आहे.

शेजारी राष्ट्राचा प्रश्न वेगळा काढून पाहण्यास कारण आहे. सीमेपलीकडे अंदाधुंदी माजली की निर्वासितांचे लोंढे, सशस्त्र टोळ्यांचे छापे आणि पलीकडे राहिलेल्या भाषिक वा वांशिक बांधवांची हाक ही सारी शेजाऱ्याच्याच दारी येते. मात्र त्या भूमीत हितसंबंधही त्याचेच सर्वाधिक गुंतलेले असतात. तक्रार करणारा, निवाडा देणारा आणि लाभ घेणारा एकच असल्याने त्याच्या कारणांकडे संशयाने पाहिले जाते.

प्राचीन भारतीय विचार : कौटिल्याच्या अर्थशास्त्र या ग्रंथातील मंडल-सिद्धांतात विजिगीषूच्या (जिंकू इच्छिणाऱ्या राजाच्या) सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतःच ‘अरि’ (शत्रू) आणि त्याच्या पलीकडचा ‘मित्र’ होय. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव या परराष्ट्रनीतीच्या सहा गुणांपैकी (धोरणांपैकी) ‘यान’ म्हणजे शत्रूवर चालून जाणे. ते केव्हा करावे याचा विचार बलाबल, देश आणि काल पाहून केला आहे. येथे लक्षात घेण्याजोगे एक स्थळ आहे. बलवान पण अन्यायी राजा आणि दुर्बल पण न्यायी राजा यांपैकी आधी कोणावर चालून जावे, असा प्रश्न उपस्थित करून कौटिल्य अन्यायी राजाची निवड करतो. कारण असे की, त्याची प्रजा त्याच्या मदतीला धावत नाही. प्रजेवरील जुलूम हे चढाईचे नैतिक समर्थन म्हणून येथे येत नाही, यशाची शक्यता वाढविणारी बाब म्हणून येते. काही आधुनिक लेखकांनी या स्थळात मानवतावादी हस्तक्षेपाचे बीज पाहिले आहे, पण मूळ पाठाला तो अर्थ पेलत नाही.

या ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केल्यापासून मौर्यकाळ (इ. स. पू. चौथे शतक) मानणारा एक पक्ष आहे आणि ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे कंगले यांचाही कल तिकडेच होता. ट्राउटमन यांच्या शैलीविषयक सांख्यिकीय अभ्यासानंतर (१९७१) तो एकाहून अधिक हातांनी घडला असावा, या मताला बळ मिळाले. अलीकडे ऑलिव्हेल यांनी आजच्या स्वरूपातील ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आणून ठेवला आहे. मंडल-सिद्धांतातील राज्ये मध्यम आकाराची व परस्परांना लागून आहेत, साम्राज्याची चाहूल त्यात फारशी नाही, ही गोष्ट उत्तरकालीन मताला अनुकूल दिसते.

यूरोपात डच विधिज्ञ ग्रोशियस (१६२५) याने परक्या राजाच्या छळातून प्रजेला सोडविण्यासाठी शस्त्र धरणे तत्त्वतः मान्य केले होते. स्विस विधिज्ञ व्हाटेल (१७५८) याने अहस्तक्षेप हा नियम धरून असह्य जुलमाविरुद्ध उठलेल्या प्रजेला साहाय्य करण्याइतपत अपवाद ठेवला.

‘कॅरोलाइन’ प्रकरण : शेजारी भूमीवरील कारवाईच्या समर्थनाचे सूत्र म्हणून आजही ज्याचा हवाला दिला जातो, ते प्रकरण १८३७ चे आहे. अपर कॅनडातील ब्रिटिश राजवटीविरुद्धचा उठाव फसल्यावर विल्यम लायन मॅकेंझी व त्याचे साथीदार नायगरा नदीतील नेव्ही बेटावर ठाण मांडून बसले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून माणसे व सामान पोचविण्यासाठी ‘कॅरोलाइन’ ही वाफेवर चालणारी नौका वापरली जात होती. २९ डिसेंबर १८३७ च्या रात्री अँड्र्यू ड्रू याच्या हाताखालील ब्रिटिश तुकडी तिला गाठण्यास निघाली. नौका ब्रिटिश हद्दीतील बेटाजवळ सापडेल अशी अपेक्षा होती, ती सापडली अमेरिकन किनाऱ्यावर फोर्ट श्लॉसर येथे. तुकडीने ती तेथेच ताब्यात घेतली, पेटविली आणि प्रवाहात सोडून दिली. तत्कालीन चित्रांत ती धगधगत धबधब्यावरून कोसळताना दाखविली आहे. प्रत्यक्षात ती वरच्या बाजूसच फुटून तिचे तुकडे खाली गेले असावेत. मृतांचा आकडा वृत्तपत्रांनी बराच फुगविला, निश्चितपणे ठाऊक असलेला मृत्यू एकच आहे.

प्रकरण थंडावत असतानाच नोव्हेंबर १८४० मध्ये अलेक्झांडर मॅक्लाउड या ब्रिटिश प्रजाजनाला न्यूयॉर्क राज्यात त्या खुनाच्या आरोपावरून अटक झाली आणि दोन्ही देशांत युद्धाची भाषा सुरू झाली. (ऑक्टोबर १८४१ मध्ये तो निर्दोष सुटला.) या निमित्ताने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिएल वेबस्टर यांनी ब्रिटिश वकील फॉक्स यांना २४ एप्रिल १८४१ रोजी पत्र लिहिले. स्वसंरक्षणाची निकड ही तात्काळ, अनावर आणि साधन निवडण्यास वा विचार करण्यास क्षणाचीही उसंत न देणारी होती, हे ब्रिटनने दाखवून द्यावे. शिवाय हद्दीत शिरल्यानंतरही त्या निकडीपलीकडचे काही केले नाही, हेही दाखवावे, अशी मागणी त्यात होती. १८४२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे खास दूत लॉर्ड अ‍ॅशबर्टन यांनी हे तत्त्व मान्य केले, या प्रसंगी ते लागू पडते असा दावा केला आणि खुलासा व दिलगिरी वेळेवर व्यक्त झाली नाही याबद्दल खेद प्रकट केला. वेबस्टर यांनी प्रकरण मिटविले. तत्त्वावर दोघांचे एकमत झाले, तथ्यांवर कधीच झाले नाही.

या पत्रव्यवहाराचा अर्थ काय, याविषयी मतभेद तीव्र आहेत. ब्रिटिश विधिज्ञ जेनिंग्ज यांच्या १९३८ मधील लेखानंतर त्याला स्वसंरक्षणाच्या कायद्याचे उगमस्थान मानण्याची रूढी पडली आणि न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये नॉर्वेवरील जर्मन स्वारीचे समर्थन फेटाळताना हेच शब्द वापरले. त्यावरून भावी हल्ल्याची वाट न पाहता आधीच प्रहार करण्याचा अधिकार सिद्ध होतो, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाचे आक्षेप दोन. एक, १८३७ मध्ये युद्ध करणेच बेकायदा नव्हते, त्यामुळे त्या वेळचे ‘स्वसंरक्षण’ हे आजच्या अर्थाने कायदेशीर अपवाद नव्हते. दोन, बेटावरील बंडखोरांची कारवाई आधीच चालू होती, तेव्हा प्रश्न भावी हल्ल्याचा नव्हताच. शेजारी सरकारशी शांतता असताना, त्याच्या भूमीचा आसरा घेणाऱ्या बिनसरकारी टोळीविरुद्ध ती भूमी ओलांडता येते का, हा तो प्रश्न होता. मूळ पत्रे वाचता हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. गंमत अशी की, आजच्या वादाला उपयोगी पडतो तो हाच अर्थ.

१९४५ नंतरची चौकट : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २ (४) अन्य राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडत्वाविरुद्ध बळाचा वापर वा धाक निषिद्ध ठरविते. अपवाद दोन : सुरक्षा परिषदेची अनुज्ञा (प्रकरण सात) आणि सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण (कलम ५१). आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कॉर्फू सामुद्रधुनी खटल्यात (१९४९) हस्तक्षेपाचा कथित अधिकार नाकारला. मात्र आपली भूमी दुसऱ्याच्या हक्कांविरुद्ध जाणूनबुजून वापरू न देण्याचे बंधन प्रत्येक राष्ट्रावर आहे, असेही त्याच निकालात म्हटले. पुढे दोन्ही बाजूंनी या एकाच निकालाचा आधार घेतला जातो. निकाराग्वा खटल्यात (१९८६) न्यायालयाने शेजारी राष्ट्रातील बंडखोरांना शस्त्रे पुरविणे हा बेकायदा बळाचा वापर वा हस्तक्षेप ठरू शकतो, पण ‘सशस्त्र हल्ला’ ठरत नाही, असा भेद केला.

मानवतावादी समर्थन : या विषयावरील लेखनात तीन उदाहरणे हमखास येतात. पूर्व पाकिस्तानातील भारताची कारवाई (१९७१), कंबोडियातील व्हिएटनामची (१९७८-७९) आणि युगांडातील टांझानियाची (१९७९). तिन्हींत शेजाऱ्याने हस्तक्षेप केला आणि तिन्हींमुळे मोठा नरसंहार वा जुलूम थांबला. तरीही तिघांपैकी कोणीही मानवतावादी कारण हा आपल्या कायदेशीर दाव्याचा मुख्य आधार केला नाही. भारताने सुमारे एक कोटी निर्वासितांच्या भाराला आक्रमणाचाच एक प्रकार म्हटले आणि ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्यानंतर स्वसंरक्षणाची भूमिका घेतली. बंगाली जनतेच्या यातनांचा उल्लेख भारतीय प्रतिनिधींच्या भाषणांत होता, पण पूरक म्हणून. व्हिएटनाम व टांझानिया यांनी जवळजवळ एकच युक्ती योजली : युद्धे दोन आहेत, एक सीमेच्या रक्षणासाठी आपले आणि दुसरे जुलमी राजवटीविरुद्ध तेथील जनतेचे. टांझानियाच्या बाबतीत युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या सैन्याने १९७८ अखेरीस कागेरा प्रदेश प्रत्यक्ष बळकावला होता, त्यामुळे पहिल्या युद्धाबद्दल शंका नव्हती. प्रश्न कंपालापर्यंत जाण्याचा होता.

जागतिक प्रतिसादात एकसूत्रता नव्हती. आमसभेने ७ डिसेंबर १९७१ रोजी १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी व सैन्यमाघारीचे आवाहन केले. कंबोडियाची संयुक्त राष्ट्रांतील जागा पदच्युत ख्मेर रूज राजवटीकडेच राहिली. टांझानियाबाबत सुरक्षा परिषदेने काहीच केले नाही. राजकीय तत्त्वज्ञ वॉल्झर यांनी हेतूंची सरमिसळ मान्य करूनही बांगलादेश हे समर्थनीय हस्तक्षेपाचे उदाहरण मानले आहे. कायदेपंडित फ्रँक व रॉडली (१९७३) यांनी त्याला पूर्वोदाहरण मानण्यास नकार दिला. परिणाम चांगला झाला म्हणून नियम सिद्ध होत नाही, हा त्यांचा मुद्दा कायद्यापुरता मान्य करावा लागतो.

उलट दिशेचे उदाहरण युक्रेनचे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने कलम ५१ आणि पूर्व युक्रेनच्या डोनबास भागातील कथित वंशसंहार ही दोन्ही कारणे पुढे केली. १६ मार्चच्या अंतरिम आदेशात, वंशसंहाराच्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा आपल्यापुढे नाही, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नमूद केले आणि १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबविण्यास सांगितले. २००५ च्या जागतिक परिषदेत स्वीकारलेले ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व सामूहिक व सुरक्षा परिषदेमार्फतच्या कृतीपुरते आहे, एकट्या शेजाऱ्याला ते मुभा देत नाही.

सशस्त्र टोळ्यांविरुद्धची कारवाई : शेजारी सरकार आपल्या भूमीवरील टोळ्यांना आवरण्यास ‘अनिच्छुक वा असमर्थ’ असेल तर हद्द ओलांडता येते, हा युक्तिवाद २००१ नंतर बळावला. ‘पाठलागाचा हक्क’ हा शब्दप्रयोग या संदर्भात वृत्तपत्रांत वारंवार येतो, पण तो सागरी कायद्यातील आहे. जमिनीवर अशी सर्वमान्य रूढी नाही. कोलंबियाने १ मार्च २००८ रोजी एक्वादोरच्या हद्दीत सुमारे दोन किलोमीटर आत असलेल्या फार्क बंडखोरांच्या तळावर बाँबहल्ला केला, त्यात राउल रेयेस हा नेता मारला गेला. अमेरिका खंडांतील राष्ट्रांच्या संघटनेने (ओएएस) सार्वभौमत्वाचा भंग झाल्याचे म्हटले, कोलंबियाचा थेट निषेध मात्र टाळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोट येथील हल्ल्याचे वर्णन भारताने ‘असैनिकी प्रतिबंधात्मक कारवाई’ असे केले. लक्ष्य पाकिस्तानी सैन्य नव्हे, असे त्यातून सुचवायचे होते.

संमती : सरकारच्या निमंत्रणावरून आलेले सैन्य तत्त्वतः हस्तक्षेप करत नाही. अडचण निमंत्रण खरे असण्याची आहे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएट फौजा अफगाण सरकारच्या विनंतीवरून आल्याचे सांगण्यात आले. त्या सरकारचे प्रमुख हफीझुल्ला अमीन यांना २७ डिसेंबरला त्याच फौजांनी ठार केले. संमती मागे घेतली जाऊ शकते, हे काँगोने युगांडाविरुद्ध, त्याच्या आपल्या भूमीवरील फौजांवरून, आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढविलेल्या खटल्यात स्पष्ट झाले. युगांडाने आधी संमतीचा व नंतर स्वसंरक्षणाचा आधार घेतला होता. १९ डिसेंबर २००५ च्या निकालात दोन्ही पुरेसे ठरले नाहीत. टोळ्यांच्या मोठ्या हल्ल्यांविरुद्ध स्वसंरक्षण कितपत चालते, याचे उत्तर न्यायालयाने तेथे दिले नाही. भरपाईचा निर्णय ९ फेब्रुवारी २०२२ रोजी लागला. काँगोने १,१०० कोटी डॉलरहून अधिक मागितले होते, न्यायालयाने ३२.५ कोटी ठरविले : मनुष्यहानीसाठी २२.५, मालमत्तेसाठी ४ आणि नैसर्गिक संपत्तीसाठी ६ कोटी, पाच वार्षिक हप्त्यांत.