ॲम्प शाबूत, पोर्ट कालबाह्य: होम थिएटर रिसीव्हर बदलण्यामागची पार्श्वभूमी

एव्ही रिसीव्हर म्हणजे प्लेअरचा आवाज घेऊन, तो ॲम्पने वाढवून घरातल्या सगळ्या स्पीकरांना देणारा डबा. पंधरा वर्षं जुना असला तरी तो आजही स्पीकर झकास वाजवतो. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर या त्याच्या मूळ भागांत मधल्या काळात फारसं काही बदललेलं नाही. तरी दर चार-पाच वर्षांनी ‘आता नवा घ्यायचा का?’ हा विषय निघतोच. त्याचं कारण डब्याच्या पुढच्या बाजूला दिसत नाही. ते मागच्या पोर्टांत आहे.

१९८७ मध्ये चहूबाजूंनी आवाज देणारं डॉल्बी प्रो लॉजिक हे घरगुती तंत्र आलं, तेव्हा सगळा मामला दोन वायरींचा होता. व्हीएचएस टेपवरच्या स्टिरिओत डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार चॅनल मुरवलेले असायचे आणि रिसीव्हर ते वेगळे काढायचा. मागचे दोन्ही स्पीकर एकच आवाज द्यायचे, तोही वरच्या पट्ट्या कापलेला.

रिसीव्हर बदलण्याचं पहिलं खरंखुरं कारण डॉल्बी डिजिटल या पुढच्या तंत्राने दिलं. चित्रपटगृहांत ते १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत आलं, १९९५ मध्ये लेझरडिस्कवर आणि १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडीवर. आता पाच चॅनल मुळातच सुटे होते, खर्जाच्या स्पीकरचा, म्हणजे सबवूफरचा वेगळाच. नुकताच पदराला खार लावून प्रो लॉजिकचा रिसीव्हर घेतलेल्यांची पंचाईत झाली. त्यावर कंपन्यांनी काढलेली तोड मला आजही शहाणपणाची वाटते. रिसीव्हरच्या मागे प्रत्येक चॅनलला एक असे सहा आरसीए सॉकेट (साध्या ऑडिओ वायरीचे) द्यायचे, डीकोडिंग म्हणजे चॅनल सुटे करण्याचं काम बाहेरच्या डब्याने किंवा प्लेअरने करायचं आणि रिसीव्हरने नुसता आवाज वाढवायचा. २००६ मध्ये ब्लू-रे आली, तेव्हा तिच्यावरचा डॉल्बी ट्रूएचडी हा जास्त डेटाचा आवाज ऑप्टिकल केबलमधून जाईना. त्या वेळीही याच सहा सॉकेटांनी कित्येक जुने रिसीव्हर तारले.

मग एचडीएमआय आलं. आधी चित्राची वायर रिसीव्हरमधून न्यायची की थेट टीव्हीला, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न होता. एचडीएमआयने चित्र आणि आवाज एकाच वायरीत घातले, त्यामुळे रिसीव्हर आपसूक चित्राच्या वाटेत येऊन बसला. तिथून पुढे चित्राचं तंत्र बदललं की आवाजाचं यंत्र जुनं ठरू लागलं. २०१० च्या थ्रीडी लाटेत एचडीएमआय १.३ या जुन्या आवृत्तीचे, तसे नवेच रिसीव्हर असे अडकले; थ्रीडी चित्र त्यांच्यातून पुढे जाईना. मग काही प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट मिळाले, एक टीव्हीला आणि एक रिसीव्हरला. थ्रीडी टीव्ही पुढे बाजारातूनच गेले. त्यासाठी रिसीव्हर बदललेल्यांच्या हाती काय राहिलं, हे विचारू नये.

२०१४ साल तर या सगळ्याचा नमुनाच. त्या वर्षी डॉल्बी ॲटमॉस हे आवाजाचं नवं तंत्र घरात आलं. छताच्या उंचीवरून आवाज येणं ही खरी नवी गोष्ट होती आणि तिच्यासाठी सात-नऊ चॅनलचा ॲम्पही लागत होता. पण त्याच वर्षीच्या काही ॲटमॉस रिसीव्हरांत एचडीसीपी २.२ हे फोर-के चित्राचं कुलूप उघडण्याची सोयच नव्हती. दोन वर्षांनी अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली, तेव्हा आवाज जमत होता पण चित्र अडत होतं.

फोर-केहून बारीक एट-के चित्र आणि सेकंदाला १२० फ्रेमचं फोर-के नेणारं एचडीएमआय २.१ जाहीर झालं २०१७ मध्ये आणि रिसीव्हरांत आलं २०२०मध्ये. येतानाच ठेच लागली. डेनॉन, मरँट्झ आणि यामाहाच्या त्या मॉडेलांतल्या एचडीएमआय चिपला एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेमिंग कन्सोलचं १२० फ्रेमचं फोर-के चित्र पेलेना आणि पडदा काळा व्हायचा. पहिल्या दोघांनी फुकट ॲडॅप्टर दिला, यामाहाने बोर्ड बदलून द्यायची तयारी दाखवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओकाच्या एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. अनेक रिसीव्हरांतली डीएसी चिप (डिजिटल आवाज ॲनालॉग करणारी) तिथलीच, त्यामुळे रिसीव्हरांचा तुटवडा झाला.

गंमत अशी, की २.१ सोबत जाहीर झालेल्या आणि काही रिसीव्हरांत त्याआधीच आलेल्या ईएआरसीने हा गुंता बराचसा सोडवला. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय; ईएआरसी ही तिची मोठी आवृत्ती. प्लेअर, कन्सोल, सेट-टॉप बॉक्स सगळं टीव्हीला जोडायचं आणि टीव्हीकडून एकच वायर रिसीव्हरला आणायची. चित्राचं लचांड टीव्हीच्या गळ्यात. ओटीटीवरचं ॲटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लस या कमी डेटाच्या प्रकारात येतं, ते साध्या एआरसीतूनही जातं. म्हणजे टीव्ही ते बाहेर सोडत असेल, तर २०१५ चा ॲटमॉस रिसीव्हर ओटीटीला पुरतो. डिस्कवरचं ट्रूएचडी टीव्हीमार्गे हवं असेल तरच दोन्ही टोकांना ईएआरसी लागतं.

त्यामुळे रिसीव्हर बदलायची आज मी कारणं तीनच मानतो: छताला स्पीकर लावायचे आहेत आणि जुन्यात ॲटमॉस नाही, एचडीएमआयच नाही, किंवा एचडीएमआय बोर्ड गेला आहे आणि सुटा मिळत नाही. एट-के हे कारण धरत नाही, कारण त्यात बघण्यासारखं अजून फार थोडं आहे. उलट एट-केच्या हौसेपायी कुणी २०१८-१९ चा, ईएआरसी चालणारा रिसीव्हर विकायला काढला तर जरूर बघावा. फक्त मागची व्होल्टेजची पट्टी आधी वाचावी. अमेरिकेहून सामानातून आणलेले रिसीव्हर १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० ला लावायचे तर पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची किंमत सौद्यातच धरावी.