कोणाकडे आहे का हे पुस्तक?

वाचनालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीत पेन्सिलीचे शेरे हमखास सापडायचे. पहिल्या पानावर 'पान १८७ पाहा'. तिथे गेलं की 'पान ४२ पाहा', आणि ४२ वर 'आता गप गोष्ट वाच'. पण सगळेच शेरे असे टवाळ नसत. एका कादंबरीच्या समासात 'हे पटत नाही' असं बारीक अक्षरात लिहिलेलं मला आठवतं. त्याच्या खाली दुसऱ्याच कोणाच्या तरी तिरप्या अक्षरात 'पुढचं प्रकरण वाचा, मग बोला' असं होतं. हे दोघे एकमेकांना भेटले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. एकाने पुस्तक परत केलं, काही महिन्यांनी दुसऱ्याने नेलं, मागच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखेचा आणखी एक शिक्का पडला, एवढंच. फोनवरच्या वाचकांच्या गटांत आज जे चालतं ते याच जातीचं आहे. उत्तर तेवढं लवकर येतं.

इंटरनेटवर पुस्तकांमुळे जुळलेल्या मैत्र्यांविषयी बोलताना सुरुवात नेहमी इंटरनेटपासूनच होते. मराठीत तरी तिथून सुरुवात करणं मला चूक वाटतं. आवडी जुळल्या म्हणून आम्ही मित्र झालो असं लोक सांगतात. जरा खोदून विचारलं की मात्र बहुतेक वेळा एक उसनं पुस्तक बाहेर निघतं. कोणीतरी विचारलेलं असतं, 'हे कोणाकडे आहे का?' आणि दुसरं कोणीतरी 'माझ्याकडे आहे, पण परत हवंय' असं म्हणालेलं असतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती बरीच वर्षं हजाराच्या आसपास निघत आली. ती संपली की पुढची कधी निघेल याचा भरवसा नाही. त्यामुळे हवं ते पुस्तक दुकानात न मिळणं हेच नेहमीचं, आणि म्हणून माणसं गाठावी लागतात.

वाचनालयं निघाली तीही याच अडचणीतून. रत्नागिरीत १८२८ मध्ये आणि पुण्यात १८४८ मध्ये ग्रंथालयं सुरू झाली. पुण्याच्या 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'मागे लोकहितवादींचा पुढाकार होता. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. पण या सुरुवातीच्या संस्थांवर इंग्रजी राज्याची आणि इंग्रजी पुस्तकांची छाप होती. केवळ मराठी ग्रंथ जमवायचे या हेतूने उभं राहिलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी निघालं. ते काढण्यात 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे पुढे होते. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आलं. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यानंतर ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान आलं, आणि गावोगावी निदान एक कपाट आणि एक वर्तमानपत्राचं टेबल तरी झालं.

त्या टेबलाभोवती मैत्र्या झाल्या हे खरं, पण कोणाच्या, हेही विचारायला हवं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ मध्ये पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. शूद्रातिशूद्रांचे हक्क ज्यांना मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा रोख होता. ग्रंथप्रेमाचं वर्तुळ आपोआप सगळ्यांना आत घेतं, या समजुतीला तिथेच टाचणी लागली होती. वाचनालयाची वर्गणी, अनामत, आणि 'ओळखीच्या दोन सभासदांच्या सह्या' या गोष्टी दिसायला किरकोळ असतात. पण ओळखीचे दोन सभासद ज्याला मिळत नाहीत त्याच्यापुरतं दार बंदच असतं. बायकांची गत वेगळी होती. घरातली बाई या आठवड्यात काय वाचणार हे तिचा भाऊ किंवा नवरा वाचनालयाच्या फळीपुढे उभा राहून ठरवायचा. तिच्या नावावर पुस्तकं यायची, पण ती स्वतः तिथे कधी गेलेलीच नसायची. पुढे घरपोच पुस्तकं देणारी वाचनालयं आली, तेव्हा सायकलला पिशवी अडकवून येणारा माणूस हाच गल्लीतल्या वाचणाऱ्या बायकांमधला दुवा झाला. 'समोरच्या वहिनींनी हे संपवलंय, बघा तुम्हाला हवं का' एवढ्या वाक्यावर समोरच्या वहिनींशी बोलायला निमित्त मिळायचं.

१९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि उसनवारीला एक हंगामच मिळाला. दिवाळी अंक एकट्याने वाचायची वस्तू कधीच नव्हती. कचेरीत दहाबारा जणांनी वर्गणी काढायची, प्रत्येकाच्या नावाने एकेक अंक घ्यायचा, आणि आठ-आठ दिवसांनी तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. होळीपर्यंत मुखपृष्ठ सुटं झालेलं असे. अंक कोणी अडवून ठेवला यावरून होणारी भांडणं मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत.

साठच्या दशकात वाचकांना आपण एक समूह आहोत याची जाणीव व्हायला लागली. केशवराव कोठावळ्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं 'ललित' हे पुस्तकांच्या बातम्या देणारं मासिक त्याचं एक कारण. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने लेखक मंडळींची जी टोपी उडवत ती वाचायला लोक थांबून राहायचे. पुढच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी 'ग्रंथाली' उभी केली. तिने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. सभासदांनी आधी पैसे भरायचे, पुस्तक स्वस्तात घरी यायचं. दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं, आणि ज्यांच्या घरी अशी पुस्तकं एरवी गेली नसती अशा घरांतही ते गेलं.

पण भेटींपेक्षा पत्रांतूनच वाढलेल्या मैत्रीचं मराठीतलं सगळ्यांत चांगलं उदाहरण दोन लेखकांचं आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, माणसांपासून अंतर राखून. सुनीताबाई देशपांडे पुण्यामुंबईच्या गजबजाटात. त्यांच्यातला पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. तो वाचताना जाणवतं की ही दोन माणसं एकमेकांना ओळखतात ती मुख्यतः वाचलेल्या पुस्तकांमधून. सामान्य वाचकांच्या पत्रांची पुस्तकं निघाली नाहीत, पण तीही लिहिली जात होती. पुस्तकं बुकपोस्टाने जात. तपासणीसाठी पाकिटाची एक बाजू उघडी ठेवावी लागे. आत चिठ्ठी टाकायला परवानगी नसे, म्हणून लोक पुस्तकातल्याच एखाद्या ओळीखाली रेघ मारून काय सांगायचं ते सांगत. ही युक्ती मला माझ्या एका मावशीने दाखवली होती.

इंटरनेट मराठीत आलं ते परदेशातून, आणि परदेशात टंचाई दुप्पट होती. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाकडे चार-पाच मराठी पुस्तकं असायची, आणि तीच चार-पाच शेजारच्या खोलीतल्याकडेही असायची. नव्वदच्या दशकात यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, मराठीसाठी वेगळी चर्चा होऊ लागली. पण रोमन लिपीत. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'ने रोमन टंकलेखनातून देवनागरी उमटवायची सोय केली. तरी रोज गप्पा मारण्यासाठी ते सोपं नव्हतं. १९९६ च्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, अमेरिकेत 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झालं. पुढे २००४ मध्ये 'मनोगत' आणि २००७ मध्ये 'मिसळपाव' ही संकेतस्थळं आली. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर देवनागरी सारखीच वाचता यावी अशी व्यवस्था, रुळेपर्यंत प्रत्येकाचा फाँट वेगळा. समोरच्याकडे तो नसेल तर तुमचं दोन तास खपून लिहिलेलं रसग्रहण त्याला नुसती ठिपकेदार रांगोळी दिसायची. इतके कष्ट घेऊन जो पुस्तकाबद्दल लिहितो त्याच्याविषयी वाचणाऱ्याला आधीच थोडा जिव्हाळा वाटत असणार, असा माझा अंदाज आहे.

इथे एक गोष्ट उलटी झाली. वाचनालयात चेहरा आधी दिसायचा, आवड मागाहून कळायची. आता आवड आधी कळू लागली, आणि नाव तर कळायचंच नाही. लोक टोपणनावाने, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आयडी'ने वावरायचे. वय, आडनाव, गाव काहीच माहीत नाही. फक्त या माणसाला कुठली कविता पाठ आहे आणि कुठल्या लेखकाचा राग येतो तेवढं माहीत. मराठी माणूस आडनाव ऐकून निम्मा अंदाज बांधतो. तो अंदाज काही काळ तरी लांबणीवर पडला. बायकांना तर यातून मोठी मुभा मिळाली. वाचनालयाच्या फळीपाशी भावाला पाठवायची गरज उरली नाही, आणि मतं मांडताना 'कोणाची सून' हेही आड आलं नाही. मग 'गटग' सुरू झाली. गेट-टुगेदरचं हे मराठीकरण कोणी केलं कोण जाणे, पण शब्द टिकला. पहिल्या गटगला माणसं शर्टावर आयडी लिहिलेली चिठ्ठी लावून यायची. ज्याच्याशी आपण सहा महिने हिरिरीने वाद घातला तो भारदस्त टीकाकार प्रत्यक्षात बावीस वर्षांचा, ओठावर कोवळी मिशी असलेला मुलगा निघायचा. दोघेही थोडे ओशाळायचे. मग पिशवीतून पुस्तकं बाहेर यायची.

त्या पिशव्यांनी फार काम केलं आहे. भारतातून अमेरिकेला जाताना एका बॅगेत साधारण २३ किलो चालतात. त्यांतले दोन-तीन किलो दुसऱ्याच कोणाच्या तरी पुस्तकांचे असत. आईने दिलेल्या चिवड्याच्या आणि मेतकुटाच्या पुड्यांशी दिवाळी अंकांची स्पर्धा लागायची, आणि दादरला घरी येऊन पुस्तकं देऊन जाणारा माणूस कोण, असं आई विचारायची. 'माझी मैत्रीण' म्हटलं तर 'शाळेतली का?' हा पुढचा प्रश्न. त्याचं सरळ उत्तर नव्हतं.

जगात याच सुमारास बरंच काही चाललं होतं. २००१ मध्ये 'बुकक्रॉसिंग' निघालं. पुस्तकावर क्रमांक टाकून ते बाकड्यावर, स्टेशनवर सोडून द्यायचं आणि कोणाला सापडलं ते बघत बसायचं. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची संकेतस्थळंही आली: २००५ मध्ये 'लायब्ररीथिंग', २००७ मध्ये 'गुडरीड्स', जे २०१३ मध्ये अमेझॉनने घेतलं. मराठी वाचकही तिथे गेले, पुस्तकांच्या नोंदी केल्या, पण रमले असं मला वाटत नाही. पाचपैकी किती तारे, यात आपल्याला फारशी गंमत वाटत नाही. आपल्याला वाद घालायचा असतो.

फोन हातात आल्यावर वाचकांचे गट फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर गेले आणि 'कोणाकडे आहे का'च्या जागी 'कोणाकडे पीडीएफ आहे का' आलं. या एका शब्दावरून जेवढी गटफूट झाली तेवढी राजकारणावरूनही झाली नसेल. एक बाजू म्हणते, पुस्तक छापीलच मिळत नाही तर करायचं काय. दुसरी म्हणते, लेखकाला आधीच मिळतं किती, त्यावरही डल्ला का. कायद्याने दुसरी बाजू बरोबर आहे, यात वाद नाही. माझी तक्रार आणखी वेगळी आहे. पीडीएफ परत द्यावी लागत नाही. ती पाठवणाऱ्याकडेही राहते, घेणाऱ्याकडेही येते, आणि दोघांमध्ये काहीच उरत नाही. अंगठा दाखवणारं चित्र टाकलं की व्यवहार संपला. उसनं पुस्तक मात्र देणाऱ्याच्या कपाटात एक फट ठेवून जातं. घेणारा वाचो न वाचो, त्याला सहा महिन्यांनी निरोप करावाच लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वाचनालयं बंद झाली. महाराष्ट्रात ती उघडायला १५ ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो हा योगायोग. मधल्या काळात लोकांनी एकमेकांना फोनवर प्रकरणं वाचून दाखवली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पुस्तकं ठेवून वर पाठवली. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने त्याच्या काही वर्षं आधीच आपलं पुस्तक द्या, दुसऱ्याचं न्या, असे आदानप्रदानाचे सोहळे भरवायला सुरुवात केली होती. डिसेंबर २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तिथे 'तू अमुक गटातली का?' असं विचारणारे लोक स्टॉलांच्या गर्दीत सहज भेटतात. नावं अजूनही चुकतात, आयडी चुकत नाहीत.

माझ्या कपाटातही एक फट आहे. एक जुनं प्रवासवर्णन, पुन्हा छापलं न गेलेलं. २०११ मध्ये एका गटगला औरंगाबादच्या एका बाईंना दिलं. त्यांनी मला विचारून ते नाशिकला पाठवलं, नाशिकहून न विचारताच नागपूरला गेलं. गेल्या महिन्यात नागपूरहून निरोप आला. पुस्तक सुखरूप आहे, बाइंडिंग नवीन करून घेतलंय, पण सध्या वडिलांनी वाचायला घेतलंय आणि ते रोज चार पानंच वाचतात.