चालू घडामोडी आणि मराठी कविता : जरा मागे जाऊन बघू

हल्ली कुठलीही मोठी घटना घडली, पूर आला, कुठे गोळीबार झाला, एखादा पक्ष फुटला, की संध्याकाळपर्यंत फोनवर त्याच्यावरच्या चार कविता येऊन पडलेल्या असतात. आणि त्याच आठवड्यात एखाद्या कार्यक्रमात कुणीतरी उठून विचारतं की आजचे कवी गप्प का आहेत, आणि मागच्या रांगेतून दुसरं कुणी म्हणतं की आजचे कवी नुसत्या बातम्या लिहितात, त्याला कविता म्हणायचं का. ही दोन्ही वाक्यं मी एकाच दुपारी एकाच सभागृहात ऐकलीयेत. मला दोन्ही पटत नाहीत, पण ती येतात कुठून हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण हा वाद व्हॉट्सॲप आल्यावर सुरू झालेला नाहीये, निदान सव्वाशे वर्षं तरी चाललाय.

मराठीत चालू घडामोडींवरची कविता म्हणजे आधी पोवाडा. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला त्यावर अज्ञानदासाचा पोवाडा आहे (काही ठिकाणी अगिनदास असंही नाव येतं), आणि शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं त्या पोवाड्यातच येतं. पुढे तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा केला, पेशवाईत खर्ड्याच्या लढाईपासून खडकीच्या लढाईपर्यंत शाहिरांनी लिहिलं. लढाई कशी झाली, कोण पडलं, कोण पळालं हे गावातल्या माणसाला डफ-तुणतुण्यावरच कळायचं, त्यामुळे ही कविता आहे की बातमी असा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारण नव्हतं. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की बक्षीस देणारा बहुतेक वेळा सत्तेवरचा माणूसच असायचा.

इथे महात्मा फुल्यांनी मोठं वळण दिलं असं मला वाटतं. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला, महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं, म्हणजे विषय दोनशे वर्षांपूर्वीचा पण भांडण अगदी त्या दिवसाचं, की हा राजा नक्की कुणाचा. आणि त्याच वर्षी त्यांनी दुसरा पोवाडा लिहिला तो विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर! सरकारी शाळेत शूद्रांच्या पोरांशी मास्तर कसे वागतात, हा पोवाड्याचा विषय. आजच्या भाषेत सांगायचं तर शिक्षण खात्याच्या कारभारावर थेट कविता. राजाकडून तोडा मिळवायचा फॉर्म फुल्यांनी उचलला आणि सरकारकडे तक्रार करायला वापरला. पुढचे सत्यशोधक जलसे (म्हणजे गाणी-संवादांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम) आणि नंतरचे आंबेडकरी जलसे याच वाटेने आले.

आता दुसरी वाट. १८८९ साली केशवसुतांनी 'मजुरावर उपासमारीची पाळी' लिहिली. काम नाही, घरात खायला नाही, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला एक मजूर. त्याच्या आदल्याच वर्षी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली होती, १८९३ ला 'तुतारी' आली. आणि गंमत बघा, या कवितांच्या मधेच, १८९१ ला, ॲक्वर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शाळिग्रामांनी जुने पोवाडे गोळा करून पुस्तक छापलं. म्हणजे ज्या दोन-चार वर्षांत मराठीत नवी छापील कविता उभी राहत होती त्याच वर्षांत पोवाडा हा 'इतिहासाचं साधन' म्हणून पुस्तकात जाऊन बसला. माझ्या मते आपली फाळणी इथे झाली. नव्या कवीला झील धरणारे साथीदार नाहीत, समोर बसलेली माणसं नाहीत, मासिक हातात घेऊन एकटा बसलेला एक वाचक आहे, आणि हळूहळू अशी समजूत पक्की झाली की एकट्याने वाचायची ती कविता आणि चारचौघांत गायची ती शाहिरी, आणि शाहिरी म्हटलं की मागोमाग 'प्रचारकी' हा शब्द आलाच.

केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. याच प्लेगवर खानदेशातल्या एका बाईने कविता केलीय, 'पिलोक पिलोक', ती बहिणाबाईंची. लिहिता-वाचता येत नव्हतं, मासिकाचा आणि फडाचा दोन्हींचा संबंध नाही, आणि गाव उजाड झालं, अंगावर गाठी आल्या हे तिने ओवीत बांधलं. १९५२ पर्यंत ते छापलंच गेलं नव्हतं. चालू घडामोडी आणि कविता यावर कुणी बोलायला लागलं की मला आधी हीच आठवते, कारण महामारीवर लिहावं का, लगेच लिहावं की थांबून, असले प्रश्न तिच्यापाशी नव्हतेच, दळताना जे तोंडात आलं ते आलं.

मधल्या काळाबद्दल फार सांगत बसत नाही. १९४२ ला 'विशाखा' आली आणि कुसुमाग्रजांची क्रांतीची गाणी मोर्च्यांत म्हटली गेली, हे सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. मर्ढेकरांनी 'पिपात मेले ओल्या उंदिर'सारख्या कवितेत महायुद्धानंतरचं शहर आणलं, त्यात एकाही घटनेचं नाव नाही पण काळ पूर्ण आहे, आणि त्यांच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले.

थांबायचंय ते अण्णाभाऊ साठ्यांपाशी. वाटेगावचा मातंग समाजातला माणूस, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणारा. स्टालिनग्राडवर याने पोवाडा लिहिला! १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीच्या अंगाचं गाणं) लिहिली. ही छक्कड नीट ऐका एकदा. पहिला बराच भाग एका चाकरमान्याचा आहे, गावाकडे बायको सोडून मुंबईला आलेला, तिचं रूप, तिने निघताना घातलेला निरोप, मग मुंबईतली वणवण. गिरणगावातल्या गर्दीतल्या प्रत्येकाची हीच कहाणी होती, त्यामुळे माणूस आपलंच काहीतरी ऐकतोय म्हणून पुढे सरकून बसणार. आणि मग एका ओळीत गाणं वळतं, की जी गत माझ्या मैनेची तीच या खंडित महाराष्ट्राची, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. तोपर्यंत ऐकणारा विरहात पुरता बुडालेला असतो, त्यामुळे सीमाप्रश्न त्याला समजावून सांगावा लागत नाही, त्याच्या पोटात तो आधीच गेलेला असतो. राज्य १ मे १९६० ला झालं, लढ्यात शंभरावर माणसं गेली, बेळगावचा प्रश्न अजून कोर्टात आहे आणि ही छक्कड अजून गायली जाते. याला प्रचारकी म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी ते वळण कसं घेतलंय ते एकदा स्वतः लिहून बघावं, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

गिरणगावातूनच नारायण सुर्वे आले, 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चं, आणि त्यांनी कामगाराचं बोलणं छापील कवितेत आणून दोन्ही वाटा थोड्या जवळ आणल्या. मग १९७२. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे स्वातंत्र्याची पंचविशी, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला (गोलपिठा म्हणजे मुंबईतली वेश्यावस्ती). प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि त्यातले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत, विचारून घ्यावे लागले असं तेंडुलकरांनी त्यात मोकळेपणाने सांगितलंय. म्हणजे मुंबईतल्याच एका मोठ्या लेखकाला मुंबईतल्याच एका वस्तीची मराठी कळत नव्हती, यापेक्षा मोठी बातमी त्या वर्षी काय असणार. पाठोपाठ दया पवारांचा 'कोंडवाडा', वामन निंबाळकर, त्र्यंबक सपकाळे, मग यशवंत मनोहर. पण याच ढसाळांनी आणीबाणीत, १९७६ ला, इंदिरा गांधींच्या गौरवाची 'प्रियदर्शिनी' लिहिली. ढसाळ माझे फार आवडते कवी आहेत म्हणूनच हे लपवायचं नाही, काळाशी भिडणं म्हणजे दर वेळी सत्तेविरुद्धच असतं असं नाही, घोडा आणि तोडा देणारा हात आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे.

१९८२ चा गिरणी संप फिसकटला आणि शाहिरीचा जो मुख्य श्रोता होता तोच पांगला. हे मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं, आणि साहित्याच्या चर्चेत ते फारसं कुणी मोजत नाही. चाळी गेल्या, चौक गेले, तिथे रात्री होणारे कार्यक्रम गेले. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत राहिली म्हणून निदान एक धागा टिकला. १९९७ ला मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांची गाणी लोकांच्या तोंडी होती, कविता म्हणून ती कुठे शिकवली जात होती?

नव्वदनंतर 'अभिधानंतर'सारख्या अनियतकालिकांतून जी कविता आली तिच्यात मोबाईल, मॉल, ब्रँडची नावं, इंग्रजी मिसळलेली शहरी मराठी हे सगळं घुसलं, आणि तेव्हाही तक्रार हीच, की ही कसली कविता. अरुण काळ्यांच्या 'नंतर आलेले लोक'ने जागतिकीकरणाकडे खालच्या अंगाने बघितलं. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे यांनी आदिवासींच्या बाजूने लिहिलं, सोनवण्यांची 'स्टेज' तर चळवळींनाही प्रश्न विचारते की आमचं दुःख आम्हालाच कोण समजावून सांगतंय. शेतीवर इंद्रजित भालेराव, श्रीकांत देशमुख. भालेरावांची 'शिक बाबा शिक' शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत पोरं पाठ म्हणतात. आणि २००३ ला अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' आली, जगभरातल्या रडणाऱ्या बायकांवरची, इजिप्तची देवी इसिस, प्राचीन विदुषी हायपेशिया यांच्यापासून आपल्या काळापर्यंत. लगेच लिहिणं आणि वर्षानुवर्षं धरून ठेवून लिहिणं, दोन्ही काळाशी भिडणंच आहे हे ती वही वाचताना कळतं.

आणि कोर्ट-कचेरी. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ऐंशीच्या दशकात पोस्टर म्हणून निघाली, तेव्हा काही झालं नाही. १९९४ ला बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात ती पुन्हा छापली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तो चालत चालत २०१५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत गेला, त्यात छापणाऱ्याने आधीच माफी मागितली होती म्हणून तो सुटला आणि कवीवरचा खटला मात्र राहिला. कविता लिहिल्यानंतर तीसेक वर्षांनी! २०१८ मध्ये दिनकर मनवरांची पाण्यावरची कविता आदिवासी मुलीबद्दलच्या एका ओळीवरून वाद होऊन मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढली गेली. तिथे दुखावलेल्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं असं मला वाटतं, पण कविता वर्गात ठेवून त्यावर भांडता आलं असतं.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गंगेत वाहत आलेल्या प्रेतांवरची पारुल खक्कर यांची 'शववाहिनी गंगा' ही चौदा ओळींची गुजराती कविता आली. मला ती मराठीत एका नातेवाइकाकडून आली, आमच्या घरातलं एक माणूस तेव्हा ऑक्सिजनवर होतं, आणि हॉस्पिटलच्या बाहेर कट्ट्यावर बसून मी ती वाचली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला दाखवली, त्याने वाचून काही न बोलता स्वतःच्या फोनवर मागून घेतली. गुजरात साहित्य अकादमीच्या मासिकातून पुढे त्या कवितेवर टीका झाली. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे खोक्यांच्या राजकारणावर रॅप करणाऱ्या राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. ते रॅप ऐकताना मला ताल डफाचाच वाटतो, समोर माणसं बसलीयेत असं धरूनच ते म्हटलंय.

मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे तिथे कवितेचं कपाट खिडकीपाशी आहे आणि लोकसाहित्याचं आत, जिन्याखाली. अण्णाभाऊंची गाणी आणि शाहिरांच्या पुस्तिका सगळ्या जिन्याखाली. मागच्या महिन्यात मी ग्रंथपाल बाईंना विचारलं की हे कुणी ठरवलं, त्या म्हणाल्या, मी आले तेव्हापासून असंच आहे, पण तुम्ही अर्ज द्या, मी समितीपुढे ठेवते. अर्ज दिलाय.