वॉटर ब्लॉक बसवताना कार्डाला बाक येऊ नये म्हणून

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लॅमिंग्टन रोड, मुंबई)

वॉटर ब्लॉक म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा मूळ कूलर काढून त्याजागी बसवायचा, आतून पाणी खेळवणारा तांब्याचा ठोकळा. तो घ्यायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात, "तापमान किती उतरेल?" बोर्ड सरळ राहील ना, हे कुणीच विचारत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ब्लॉक लावलेली जी कार्डं येतात, त्यातली बरीच वाकल्यामुळे आलेली असतात. म्हणून हा कागद आता प्रत्येक ब्लॉकच्या खोक्यात घालतो. ब्लॉक उघडण्याआधी वाचा, नंतर नको.

नेमकं तुटतं काय?

कार्डाचा बोर्ड म्हणजे काचेचे धागे आणि इपॉक्सी यांची साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी. ती वाकते, सोडली की सरळ होते, आणि आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण तिच्यावर बसलेल्या चिपा तशा वाकत नाहीत. चिप आणि बोर्ड यांच्यामध्ये सोल्डरचे बारीक मणी असतात. जीडीडीआर६ मेमरीच्या एकेका चिपखाली १८०, मुख्य चिपखाली तर त्याच्या कितीतरी पट. बोर्डाला बाक आला की सगळा ताण या मण्यांवर येतो, त्यातही आधी कोपऱ्यातल्या. २००६ साली युरोपने शिशाचं सोल्डर बंद केलं, तेव्हापासून वापरात असलेलं बिनशिशाचं सोल्डर कडक असतं. ताण जिरवण्यापेक्षा ते तडकतं.

तडा डोळ्यांना दिसत नाही. कार्ड आठवडा-दोन आठवडे नीट चालतं, मग गेममध्ये रंगीत चौकटी यायला लागतात, आणि कार्ड बोटाने दाबलं की थोडा वेळ बरं होतं. हे शेवटचं लक्षण कुणी सांगितलं की आम्ही स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवतो. तिथून पुढचं काम चिप उतरवून नवे मणी बसवण्याचं, आणि त्याचा खर्च ब्लॉकपेक्षा जास्त होऊ शकतो.

दोष हाताचा कमी, पॅडचा जास्त

"मी जोरात आवळलंच नव्हतं हो," असं प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरंही असतं. डब्यात भाजी काठोकाठ भरली आणि वरून झाकणाच्या कड्या लावल्या, की झाकण मधोमध फुगतं. कड्या लावणाऱ्याने जोर केलेला नसतो, भाजी जास्त असते. इथे भाजी म्हणजे थर्मल पॅड, चिपेची उष्णता ब्लॉककडे नेणारी गादी.

ब्लॉकचं तांबं मुख्य चिपला थेट टेकायला हवं, मध्ये फक्त उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा पापुद्रा. मेमरी आणि व्होल्टेजचे भाग चिपपेक्षा बुटके, म्हणून त्यांच्यावर पॅड. पॅड ठरलेल्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड पडलं, की ब्लॉक आधी पॅडवर टेकतो आणि चिपपासून अधांतरी राहतो. मग चिपभोवतीचे चार स्क्रू बोर्डाचा मधला भाग ब्लॉककडे ओढतात, कडेचे पॅड मागे रेटतात, आणि बोर्डाची कमान होते.

या ओढाताणीत पॅड का जिंकतात ते आकड्यांत बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची मुख्य चिप सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरची. मेमरीच्या बारा चिपा, प्रत्येकी १४ बाय १२, म्हणजे एकूण २,०१६ चौरस मिलिमीटर. नुसत्या मेमरीवरच्या पॅडांचं क्षेत्रफळ चिपच्या तिपटीहून जास्त, व्होल्टेजच्या भागांचे पॅड वेगळेच. त्यात पॅड कडक जातीचं असेल तर ते दबतच नाही. जाहिरातीत उष्णता वाहून नेण्याचा आकडा मोठा छापलेला असतो, पॅड किती मऊ आहे ते क्वचितच लिहिलेलं असतं. आमचं मत विचाराल तर आकडा थोडा कमी चालेल, पण पॅड मऊच घ्या.

आरटीएक्स ३०९० वाल्यांनी जास्त सांभाळावं. त्या कार्डाच्या २४ मेमरी चिपांपैकी बारा मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे बॅकप्लेटखालचे (कार्डाच्या पाठीवरच्या पत्र्याखालचे) पॅडही बोर्डाला उलट बाजूने ढकलतात. गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक जण असंच कार्ड घेऊन आले. पुढे १ मिलिमीटर सांगितलेलं असताना त्यांनी उरलेले दीडचे पॅड लावले होते. ब्लॉक उतरवला तर मेमरीच्या पॅडवर चिपेचा ठसा खोल, अक्षरांसकट. आणि मुख्य चिपच्या एका कोपऱ्यावर पेस्ट श्रीखंडासारखी जाड, जशी लावली तशीच. त्या कोपऱ्याला तांबं कधी टेकलंच नव्हतं.

बसवताना

आधी बोर्डावर छापलेला क्रमांक बघा. खोक्यावरचं नाव एकच असूनही आतला बोर्ड निराळा असू शकतो, आणि ब्लॉक नावाला नाही, बोर्डाला बसतो. मूळ कूलर काढण्याआधी कार्ड दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलके डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं हाही बोर्ड वाकवण्याचाच प्रकार, वर शेजारचे कपॅसिटर उडतात ते वेगळं. स्क्रू ज्या जागेचे त्याच जागेच्या वाटीत.

कूलर निघाला की मोकळ्या बोर्डाच्या कडेला स्टीलची पट्टी उभी लावा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. थोडी फट दिसली तर घाबरू नका, कोऱ्या बोर्डालाही ०.७५ टक्क्यांपर्यंत बाक उद्योगाच्या मानकात चालतो. फोटो काढून ठेवा. ब्लॉक बसवल्यावर हाच फोटो पुन्हा काढायचा आहे, आणि बघायचा आहे तो फरक. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. फटीत किती कागद जातात ते मोजलं तरी पुरे.

मग पेस्ट न लावता, फक्त पॅड लावून कार्ड ब्लॉकवर ठेवा आणि कोपरे आलटून पालटून बोटाने अगदी हलके दाबा. ओट्यावरच्या पोळपाटासारखं डगडगलं तर कुठलं तरी पॅड जाड आहे. इथेच थांबा, पॅड बदला.

पेस्ट लावल्यावर चिपभोवतीचे चार स्क्रू आधी दोन-दोन आटे धरेपर्यंतच. पुढे गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, एका वेळी पाव फेरा. ड्रायव्हर तीन बोटांत धरा, मूठ वळू नका. ड्रिल मशीन तर घरात ठेवूच नका. स्क्रू बसला की हाताला कळतं, त्यानंतरचा फेरा फक्त बोर्डाला छळतो.

कडेचे स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि आमचं सगळ्यात जास्त सांगणं याच टप्प्यावर. कडेच्या स्टँडऑफपाशी (स्क्रू ज्यात जातो त्या छोट्या खांबापाशी) बोर्ड आणि ब्लॉक यांत फट दिसत असेल तर ती स्क्रूने मिटवायची नसते. फट म्हणजे आत काहीतरी जाड आहे, किंवा खोक्यातला प्लॅस्टिकचा वॉशर लावायचा राहिला आहे. पुन्हा खोला, दुसरी पेस्ट लावा. पेस्टची ट्यूब कार्डापेक्षा स्वस्तच असते.

नळी जोडायची फिटिंग ब्लॉकवर हातानेच घट्ट करा, रबरी रिंग आपलं काम करते. हे काम कार्ड स्लॉटमध्ये बसवण्याआधी, नाहीतर पिळण्याचा सगळा जोर स्लॉटवर जातो. पाण्याने भरलेला ब्लॉक जड होतो, तेव्हा कार्डाखाली आधार द्या. कडक नळी दोन मिलिमीटर आखूड कापली गेली तर ती रात्रंदिवस कार्डाला ओढत राहते. नवी कापा.

मुंबईचं हवामान आणि जास्तीचा फेरा

मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ३३-३४ अंश असतात. साध्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. परदेशातल्या व्हिडिओत २० अंशांच्या खोलीत दिसलेला आकडा आपल्याकडे दिसला नाही, म्हणून लोक ब्लॉक "अजून थोडा" आवळतात. तसं करू नका. पाणी आणि चिप यांच्या तापमानातला फरक बघा, चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपेवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान) यांतलं अंतर बघा. ते १०-१५ अंश असेल तर ब्लॉक छान बसलाय. २५ च्या वर गेलं तर खोलून पेस्टचा ठसा तपासा.

पाणी नळाचं नको, डिस्टिल्ड घ्या.

आमच्याकडे बसवून घेणार असाल तर पट्टीचं मोजमाप आधी आणि नंतर तुमच्यासमोर होईल, त्याचे पैसे नाहीत. येताना कार्डाचं मूळ खोकं, सगळे स्क्रू आणि ब्लॉकसोबतचा कागद आणा. परत जाताना ग्रँट रोडहून संध्याकाळची विरार लोकल पकडणार असाल तर तयार कॅबिनेट घेऊन चढू नका. सकाळी अकरानंतर या, किंवा टॅक्सीत मागच्या सीटवर आडवं ठेवा, काचेची बाजू वर आणि कार्ड उभं राहील असं.