वहीच्या पानातला बेडूक आणि त्यामागची घडी

वहीचं पान फाडलं की हातात आयत येतो, आणि प्राणी करायला तर चौरस लागतो. मग पानाचा एक कोपरा समोरच्या काठावर तिरका आणायचा, खाली उरलेल्या पट्टीवर नखाने घडी मारायची, ती पट्टी पुढे-मागे दोन-तीनदा दुमडायची, घडीवरून ओलं बोट फिरवायचं आणि पट्टी अलगद फाडून टाकायची. फूटपट्टी नको, कात्री नको. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. बहुधा मागच्या बाकावरच्या कुणीतरी, कार्यानुभवाच्या तासाला. होडीनंतर बेडूक आला, बेडकानंतर पक्षी. तेव्हापासून एक नियम डोक्यात पक्का बसला: एकच चौरस कागद, कात्री नाही, गोंद नाही.

हा नियम आला कुठून, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ओरिगामी ही जपानची प्राचीन कला आहे आणि तिचा हा प्राचीन नियम आहे. यातलं अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात जर्मनीतली बालवाडी आहे, मद्रासचा एक गणितप्रेमी सरकारी अधिकारी आहे आणि तोक्योतला एक गरीब कारखाना-कामगारही आहे. घरी मुलांना कागदाचा हत्ती करून देताना ही सगळी मंडळी आपल्या बोटांशी असतात. म्हणून त्यांची ओळख असावी असं मला मनापासून वाटतं.

कागद चीनमधला. हान दरबारातल्या त्साय लुनने इसवी सन 105 मध्ये कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असं चिनी इतिहास सांगतो. त्याहून जुने कागदाचे तुकडेही उत्खननात सापडले आहेत. परंपरेनुसार 610 साली कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूने कागदाची विद्या जपानला दिली. तिथल्या कारागिरांनी झाडांच्या सालीच्या लांब धाग्यांपासून असा कागद काढला, की शंभरदा दुमडला तरी घडीवर तुटू नये. पण तो महाग होता आणि मुलांच्या खेळाला परवडणारा नव्हता. जपानमधलं घडीकाम रुजलं ते समारंभात. भेटवस्तू गुंडाळायची घडी, साके या जपानी मद्याच्या सुरईच्या तोंडाशी बांधायची नर आणि मादी फुलपाखरं, तीळ-मिठाच्या पुडीची वेगळी घडी. आपल्याकडे वैद्याची पुडी आणि देवळातल्या अंगाऱ्याची पुडी बघताक्षणी ओळखू येते, तसंच काहीसं. सामुराई घराण्यांना रीतभात शिकवणाऱ्या इसे घराण्यातल्या सादाताकेने अशा गुंडाळण्यांवर लिहिलेलं पुस्तक 1764 सालचं आहे. त्यात खेळ नाही, शिष्टाचार आहे.

खेळाचं म्हणता येईल असं पहिलं मोठं पुस्तक आलं 1797 मध्ये, क्योतोत. ‘हिदेन सेनबाझुरू ओरिकाता’, म्हणजे हजार सारस दुमडण्याची गुप्त रीत. त्यात 49 नमुने आहेत आणि सगळे सारसांचेच. कुठे चोचीला चोच लागलेली, कुठे पंखाला पंख, कुठे आईच्या पाठीवर पिल्लं. हे सगळं एकाच कागदातून होतं, पण त्यासाठी कागदाला चिरा देऊन छोटे चौरस पाडायचे आणि ते कोपऱ्यापाशी इवलेसे जोडलेले ठेवायचे. म्हणजे इथे कात्री आहेच. 1845 च्या सुमाराच्या ‘कायारागुसा’ या हस्तलिखितातही चिरा देऊन केलेले प्राणी आहेत, आणि त्यातला चतुर तर चिरांवाचून उभाच राहत नाही. जुन्या जपानी घडीकाराला कात्री वर्ज्य नव्हती. त्या काळी याला ओरिगामी हे नावही सर्रास नव्हतं. ओरिकाता, ओरिसुए असे शब्द चालत. ओरिगामी म्हणजे दुमडलेला दस्तऐवज, उदाहरणार्थ तलवारीच्या अस्सलपणाचा दाखला.

तिकडे युरोपातही लोक दुमडत होते, पण कागद नव्हे, कापड. खळ दिलेल्या जेवणाच्या रुमालांचे पक्षी, सिंह, जहाजं करून मेजवानीच्या टेबलावर मांडायची. इटलीतल्या पादुआ शहरात 1629 मध्ये मात्तिया जेगरने छापलेल्या पुस्तकात त्यांची चित्रं आहेत. स्पेनमध्ये ‘पाहारिता’ हा कागदी पक्षी इतका घरचा, की मिगेल दे उनामुनोसारख्या तत्त्वज्ञाने 1902 मध्ये त्याच्यावर प्रबंधाच्या थाटात टिपणं लिहिली. हुएस्का शहरातल्या बागेत रामोन आसीनने घडवलेल्या दोन भल्यामोठ्या पाहारिता समोरासमोर उभ्या आहेत. चार घड्यांचा पक्षी गावाचं शिल्प झाला. मला ते फार आवडतं.

आता बालवाडीकडे वळतो, कारण माझ्या मते घरातल्या कागदी प्राण्याचा खरा जन्म तिथे झाला. फ्रीडरिख फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलांच्या हाती काय द्यायचं याचा त्याने बारकाईने विचार केला होता: लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, विणकामाच्या पट्ट्या आणि दुमडायचे कागद. घड्यांचे त्याने तीन प्रकार मानले होते. एका प्रकारात रोजच्या आयुष्यातल्या वस्तू आणि प्राणी, दुसऱ्यात नक्षी, तिसऱ्यात भूमिती. एकाच मापाचे रंगीत चौरस, पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या घड्या आणि शिकवणारी बाई, हे आज इतकं नेहमीचं वाटतं, की त्यामागे कुणाचं डोकं होतं हे विसरायला होतं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. बंदी 1860 मध्ये उठली, पण तोवर त्याच्या शिष्यांनी, आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या, ही पद्धत देशोदेशी नेली होती.

1876 मध्ये तोक्योतल्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाला जोडून जपानचं पहिलं सरकारी किंडरगार्टन निघालं. तिथल्या प्रमुख शिक्षिका होत्या क्लारा मात्सुनो, जन्माने जर्मन. फ्रोबेलचे चौरस जपानी वर्गात आले तेव्हा तिथल्या बायांना आणि मुलांना सारस आधीच येत होता. दोन परंपरा एकाच बाकावर बसल्या. एका बाजूला रंगीत, थोडा कडक, एका मापाचा कागद. दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या हातांत मुरलेल्या घड्या. ओरिगामी हा शब्द मुलांच्या घडीकामासाठी रूढ झाला तो याच शाळांच्या काळात. आज दुकानात मिळतो तो एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा चौरसांचा गठ्ठाही या भेटीचाच वारसा आहे. त्यामुळे ही कला फक्त जपानची की फक्त जर्मनीची, या वादात मला रस वाटत नाही. ती येण्या-जाण्यातून घडली.

ही ये-जा भारतापर्यंतही पोचली, आणि फार सुंदर रीतीने. 1893 मध्ये मद्रासमध्ये टी. सुंदर रावांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक छापलं. प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की कल्पना सुचली ती किंडरगार्टनच्या आठव्या ‘भेटी’वरून, म्हणजे मुलांच्या हाती द्यायच्या साहित्याच्या आठव्या संचावरून: 200 रंगीत चौरस, घडी दाबायची एक पट्टी आणि सोबत आकृत्या. मुलांच्या त्या संचातून या माणसाने समभुज त्रिकोण काढला, पंचकोन काढला, श्रेढींची बेरीज दाखवली आणि पार शंकुच्छेदांपर्यंत गेला. फेलिक्स क्लाइनसारख्या बड्या जर्मन गणितज्ञाने पुस्तकाचा उल्लेख केला आणि 1901 मध्ये ते शिकागोहून पुन्हा निघालं. प्राणी त्यात नाहीत. पण बेडकाची पहिली तिरकी घडी घालताना मूल चौरसाचा कर्ण काढत असतं, हे सुंदर राव वाचल्यावर नजरेआड होत नाही.

तरीही घडीकामाची एक अडचण सुटलेली नव्हती. ते लिहून ठेवायचं कसं? हाताकडून हाताकडे जाणारी गोष्ट मधला एक हात सुटला की हरवते. जुन्या पुस्तकांतली चित्रं तयार पक्षी दाखवत, फार तर मधली एखादी पायरी. यावर उपाय केला आकिरा योशिझावाने.

योशिझावाचा जन्म 1911 चा, तोचिगी प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरी. तोक्योत कारखान्यात काम करताना नव्या कामगारांना भूमिती समजावायची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ती त्याने कागद दुमडून पार पाडली. मग नोकरी सोडून तो पूर्णवेळ घड्यांच्या मागे लागला. पोटासाठी दारोदार फिरून सोया सॉसमध्ये आटवलेल्या माशांचं तोंडीलावणं विकलं. युद्धानंतर ‘आसाही ग्राफ’ या साप्ताहिकाने त्याच्याकडून जपानी राशिचक्रातले बारा प्राणी करून घेतले. ते 1952 च्या जानेवारीत छापून आले आणि चाळिशीतला हा अनोळखी माणूस देशाला माहीत झाला. 1954 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि 1955 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्याचे प्राणी मांडले गेले.

त्याची मोठी देणगी म्हणजे खुणांची भाषा. तुटक रेघ म्हणजे आत बसणारी, दरीसारखी घडी. रेघ-ठिपका-रेघ म्हणजे वर येणारी, डोंगरासारखी घडी. कागद कुठून कुठे न्यायचा ते बाण सांगतो. सॅम्युअल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन या पश्चिमेतल्या घडीकारांनी 1960 च्या सुमाराला त्यात थोडी भर घातली आणि ती जगभर चालू लागली. संगीताला स्वरलिपी मिळाल्यासारखं झालं. मला जपानी अक्षरही येत नाही, पण जपानी पुस्तक समोर ठेवून त्यातला ससा मी करू शकतो.

ओल्या घडीची युक्तीही त्याचीच. जाड कागद किंचित ओलसर केला की त्यातली खळ सैलावते आणि कागदाला मातीसारखा गोलावा देता येतो. वाळला की खळ पुन्हा धरते आणि हत्तीचं गंडस्थळ फुगलेलं ते फुगलेलंच राहतं. त्याआधीचे कागदी प्राणी चपटे आणि धारदार कडांचे असत. याच्या गोरिलाला मात्र खांदे आहेत. 2005 साली 14 मार्चला, आपल्या चौऱ्याण्णवाव्या वाढदिवशीच तो गेला.

कात्री खऱ्या अर्थाने बाहेर गेली ती या काळात. योशिझावा आणि त्याच्यामागून पश्चिमेतले घडीकार यांनी एक अखंड चौरस हीच कसोटी मानली. मग प्रश्न उभा राहिला की सहा पाय आणि दोन मिशांचा किडा अखंड चौरसातून काढायचा कसा. सारसाचं सोपं आहे. डोकं, शेपूट, दोन पंख अशी चार टोकं, आणि चौरसाला कोपरेही चार. पुढचा हिशेब रॉबर्ट लँगसारख्यांनी मांडला. प्रत्येक पायाला कागदावर पायाच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ लागतं. पाय कोपऱ्यातून काढला तर त्यातलं पावच वर्तुळ कागदावर येतं, काठावरून काढला तर अर्धं, मधून काढला तर सगळं. ही वर्तुळं एकमेकांवर न चढता चौरसात बसवता आली की किडा झाला. लँग भौतिकशास्त्रातला माणूस. 2001 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ हेच काम धरलं.

याच काळात सारस मात्र गणितापासून दूर, वेगळ्याच कारणाने घराघरांत पोचला. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने दवाखान्यात असताना ती सारस दुमडत राहिली, औषधांची वेष्टनंसुद्धा वापरून. हजार सारस केले की इच्छा पुरी होते, असं तिकडे मानतात. ऑक्टोबरात ती गेली. 1958 मध्ये तिच्या शाळासोबत्यांच्या पुढाकाराने मुलांचं स्मारक उभं राहिलं, आणि आजही जगभरची मुलं तिथे सारसांच्या माळा पाठवतात.

आपल्याकडे मोठ्या माणसांनी हे काम मनावर घेतलं, त्यात अरविंद गुप्तांचं नाव आधी घ्यायला हवं. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले गुप्ता होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामातून पुढे आले आणि 2003 पासून पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अकरा वर्षं होते. जुन्या वर्तमानपत्राच्या टोप्या, बोलणारा कावळा, पंख हलवणारा पक्षी. त्यांच्या हातून महाराष्ट्रातल्या किती मुलांनी हे उचललं असेल! पुस्तकं त्यांनी सगळ्यांना फुकट वाचायला खुली केली, मराठीतलीही. पुण्या-मुंबईत ‘ओरिगामी मित्र’ या नावाने जमलेली मंडळीही प्रदर्शनं भरवतात. तिथे शाळकरी मुलगा आणि निवृत्त आजोबा एकाच टेबलाशी एकाच घडीवर अडलेले दिसतात.

घरी बसणाऱ्यांसाठी कागदाचं थोडं सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. घोटीव कागद म्हणजे फ्रोबेलच्या चौरसाचा आपला चुलतभाऊ, एका बाजूने रंगीत आणि चकचकीत. पण तीच घडी दोनदा मारली की रंग उडतो आणि पांढरी रेघ उमटते. म्हणून घडी आधी हलकी बसवावी, कोपरे जुळले की मगच नख फिरवावं. पतंगाचा कागद सारसाला फार मऊ पडतो, जिलेटिन घडी धरतच नाही. वहीचं पान होडीला आणि ससुल्याला उत्तम. बेडकाला मात्र कडकपणा हवा, कारण त्याची उडी पाठीमागच्या नागमोडी घडीत असते. ती घडी दाबली की स्प्रिंगसारखी मिटते आणि बोट मागे सरकताच उसळते. पातळ कागद तिथे मान टाकतो. आमच्या घरी यासाठी जुन्या लग्नपत्रिका राखून ठेवतात. आतलं जाड पान घ्यायचं, चौरस पाडायचा, गणपतीचं चित्र असलेला भाग आधीच बाजूला काढायचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीच्या बेडकाने फरशीच्या तीन चौकटी पार केल्या. पाठीवर अर्धं वाक्य वाचता येत होतं, ‘अगत्य येण्याचे’.