पंचगंगा 39 फुटांवर, मग गाडी कुठं?

राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 साली पंचगंगा 55 फुटांच्याही पुढं गेली. अशा वेळी माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात. दारातली गाडी मात्र राहते. ‘टायर बुडेपर्यंत काही होत नाही’ हा त्यामागचा भरवसा. तो खोटा आहे, आणि ते कागदावर पाच मिनिटांत तपासता येतं.

लहान चारचाकीचं वजन साधारण 950 किलो. तिचा तळ जमिनीपासून सुमारे 17 सेंटिमीटर वर असतो आणि त्याचं क्षेत्रफळ असतं जवळपास 6 चौरस मीटर. पाणी तळाला टेकलं, की पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला गाडी 60 लिटर पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या नियमानुसार तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका, म्हणजे 60 किलोचा रेटा तिला वर उचलतो. 16 सेंटिमीटरला हा रेटा 960 किलो होतो. तळाची उंची धरून एकूण पाणी किती? 33 सेंटिमीटर. चाकांच्या खोबणी आणि आत झिरपणारं पाणी यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वाढतो, पण चाक जेमतेम अर्धं बुडालेलं असताना गाडी तरंगण्याच्या बेतात येते, हे नक्की.

सरकायला तर ती त्याआधीच लागते. टायरची पकड गाडीच्या जमिनीवरच्या भारावर अवलंबून असते. पाणी 25 सेंटिमीटरवर आलं की अर्धा भार पाण्यानंच उचललेला असतो, मग हँडब्रेक कितीही घट्ट ओढा. त्यात प्रवाह असला तर त्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर गाडीवरचा रेटा चौपट.

कोल्हापूरचा पूर मात्र डोंगराळ भागातल्या लोंढ्यासारखा अचानक येत नाही. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. तेच पाणी जयंती नाल्यातून उलटं शहरात शिरतं. म्हणून नदीकाठापासून लांब असलेल्या व्हीनस कॉर्नरला आणि शाहूपुरीतही पाणी येतं, आणि बऱ्याचदा ते समोरून येण्याऐवजी मागच्या गटारीतून वर येतं. पण ते चढायला वेळ घेतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली तरी हाताशी काही तास असतात. गाडी वाचवायची ती याच तासांत.

बर्फ पडणाऱ्या शहरांनी हे फार आधी ओळखलं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रस्त्यावरचं बर्फ उचलायच्या आधी तिथं तात्पुरत्या ‘नो पार्किंग’च्या पाट्या लागतात, आणि न हललेल्या गाड्या ओढून नेल्या जातात. आपल्याकडंही 39 फुटांना हाच नियम हवा, असं मला मनापासून वाटतं. सुतारवाडा, शाहूपुरी, नागाळा पार्क इथल्या गाड्या इशारा पातळीलाच हलायला हव्यात. उंचावर जागा आहे: राजारामपुरीचा वरचा भाग, सागरमाळ, विद्यापीठाचा परिसर. पुण्याच्या दिशेनं गाडी काढू म्हणून थांबू नये, कारण मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होतो. आणि गाडी लावताना रस्त्याची रुंदी सोडा. बचावपथकाची बोट ट्रकवरूनच येते.

तळघरातल्या पार्किंगबद्दल जरा जास्त काळजीनं सांगतो. उतारावरून पाणी एकदा आत ओतायला लागलं, की रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा खूप वेगानं तळघर भरतं. एक मीटर रुंद दारापलीकडं फक्त 60 सेंटिमीटर पाणी साचलं, तर त्या दारावर सुमारे 180 किलोचा दाब बसतो. पाण्याच्या बाजूला उघडणारं दार मग माणसाच्या जोरानं उघडत नाही. त्यात विजेची पॅनलं बहुतेक तिथंच असतात. पाणी आत यायला लागल्यावर गाडी काढायला कुणीही खाली उतरू नये. लिफ्टनं तर नाहीच.

पाणी ओसरल्यावरचा मोह वेगळा असतो: चालू होते का बघूया. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबून साधारण दहाव्या हिश्श्याइतकी केली जाते, डिझेलमध्ये त्याहूनही कमी. पाणी तसं दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून आत गेलेलं पाणी सिलिंडरमध्ये असताना सेल मारला, की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या बुडालेल्या गाडीचं काम बऱ्याचदा सफाई आणि ऑइल बदलण्यावर निभावतं, सेल मारलेल्या गाडीचं इंजिन खोलावं लागतं. साध्या विम्यात हे दुसरं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण पावसाळ्याआधीच घ्यावं लागतं. स्कूटरलाही हेच लागू.

तेव्हा चावी फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. न दिसलं तरी गाडी गॅरेजपर्यंत टोचन करूनच न्या.